छोट्या गावाचे सांडपाणी : आधी पद्धत ठरवावी की गाळाचा धनी?

ओहळ

सहाशे-सातशे वस्तीच्या गावात नळाचे पाणी घरोघर पोहोचले की त्याच्या मागोमाग सांडपाण्याचा प्रश्न येतो. पाणी आत आणण्याची योजना होते, तिची चर्चा होते. तेच पाणी वापरून झाल्यावर कुठे जाणार, हे मात्र डबकी साचू लागेपर्यंत कुणी विचारत नाही. मग कुठे उघडे गटार निघते, कुठे घराजवळ शोषखड्डा खणला जातो, कुठे शौचालयाच्या टाकीचे बाहेर पडणारे पाणी सरळ ओढ्यात सोडले जाते.

चर्चेच्या सोयीसाठी सहाशे माणसांची एक वस्ती गृहीत धरू. माणशी रोज ८० लिटर पाणी वापरले जाते आणि त्यातील साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे धरले, तर दिवसाला ३८ ते ३९ घनमीटर पाणी होते. शहराच्या मानाने हे काहीच नाही, पण ओढा आटलेला असताना तेवढेच पाणी त्याचा संपूर्ण प्रवाह बनू शकते. उपलब्ध पद्धतींविषयी मी बरेच वाचले आहे : सेप्टिक टँक, शोषखड्डे, वनस्पतींची खडीगाळणी, स्थिरीकरण तळी, हवा सोडणारी यांत्रिक संयंत्रे. प्रत्येकीचे समर्थक आपलीच पद्धत सर्वोत्तम असल्याचे सांगतात. एवढ्या लहान वस्तीने निवड नेमकी कशाच्या आधारे करावी, हे जाणकारांनी सांगावे.

साका

प्रश्न चांगला मांडला आहे. पण माझ्या मते त्याची सुरुवात चुकीच्या टोकाने झाली आहे. पद्धत कोणती, हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की प्रक्रिया झालेले पाणी कुठे जाणार? ओढ्यात, शेतात की जमिनीत? आणि दुसरा, ज्याच्याकडे हमखास दुर्लक्ष होते : टाकीच्या तळाशी साचणारा गाळ कोण उपसणार, किती दिवसांनी, आणि तो नेऊन कुठे टाकणार?

सेप्टिक टँक म्हणजे घाण नाहीशी करणारी पेटी, असा समज फार खोलवर रुजला आहे. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई मुरास यांनी अशा टाकीचे पेटंट घेतले, तेव्हा घन पदार्थ आत आपोआप विरघळून जातात असाच दावा होता, आणि जवळजवळ दीडशे वर्षे उलटून गेली तरी लोकांचा त्यावरचा विश्वास ढळलेला नाही. वस्तुस्थिती अशी, की टाकीत जड पदार्थ तळाशी बसतात, तेल-चरबी तवंग होऊन वर येते आणि मधले पाणी पुढे जाते. तळाच्या गाळाचा काही भाग प्राणवायूविना जगणारे जिवाणू पचवतात, उरलेला साचत राहतो. दरमाणशी वर्षाला ३० ते ४० लिटर गाळ साचतो असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे सहाशे माणसांमागे वर्षाला २० घनमीटरांच्या आसपास. टाकीचा एक तृतीयांश भाग गाळाने व्यापला की उपसा करावा लागतो. न केल्यास पाण्याला आत थांबायला जागाच उरत नाही आणि गाळ पुढच्या टप्प्यात वाहून जातो. पुढे खडीगाळणी असली तर ती तुंबते, शोषखड्डा असला तर त्याच्या भिंती बुजतात. त्यानंतर लोक म्हणतात, पद्धत वाईट होती. ती वाईट नसते, तिला धनी नसतो.

म्हणून मी तरी गावाला आधी गाळाचा धनी शोधायला सांगेन. तो सापडला की पद्धतींची यादी आपोआप आखूड होते.

यंत्रवेडा

गाळाचा मुद्दा मान्य आहे, तरीही यांत्रिक संयंत्रांना सुरुवातीलाच बाद करू नये, अशी विनंती आहे. १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी सक्रिय गाळाची पद्धत मांडली, आणि आज जगातील बहुतेक मोठी शहरे त्याच तत्त्वावर आपले सांडपाणी शुद्ध करतात. पाण्यात हवा सोडायची, जिवाणूंची दाट वसाहत वाढवायची, ती खाली बसू द्यायची आणि तिचा काही भाग पुन्हा टाकीत परत आणायचा, एवढीच तिची कल्पना आहे. जागा अत्यल्प लागते, पाणी स्वच्छ दिसते, वास जवळजवळ येत नाही आणि अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतरही होते. अशी तयार संयंत्रे लहान वस्त्यांसाठीही मिळतात.

साका

तत्त्व निर्दोष आहे. अडचण त्याच्या लहानपणाची आहे.

शहराच्या लाखो घरांतून येणारा प्रवाह दिवसभर बराचसा एकसारखा राहतो. लहान वस्तीत सकाळच्या दोन तासांत सगळे गाव एकदम पाणी वापरते आणि मध्यरात्री प्रवाह जवळजवळ थांबतो. कमाल प्रवाह काढण्याचे हार्मन यांचे जुने सूत्र वापरून पाहिले, तर दहा लाख वस्तीसाठी तो सरासरीच्या दीडपटीहूनही कमी येतो आणि सहाशे वस्तीसाठी जवळजवळ चौपट. हवेच्या टाकीतून बाहेर पडल्यावर जिवाणूंचा गाळ ज्या टाकीत बसायचा असतो, तिच्यात हा सकाळचा लोंढा शिरला की गाळ उचलला जातो आणि स्वच्छ पाण्याबरोबर ओढ्यात जातो. येणारे पाणी आधी एका समतोल टाकीत साठवून ते संथपणे पुढे सोडले, तर हे टाळता येते. पण खर्च कमी करताना सर्वांत आधी कात्री लागते ती त्याच टाकीला.

विजेचेही तसेच. काही तास वीज गेली तर जिवाणू तग धरतात. पण पुरवठा वरचेवर तुटत असेल किंवा बिघडलेला ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारे यंत्र) दुरुस्तीविना आठवडाभर पडून राहिला, तर टाकीतला गाळ कुजतो आणि नवी वसाहत तयार व्हायला काही आठवडे लागतात. शिवाय या पद्धतीत जादा गाळ वर्षा-दोन वर्षांनी नव्हे, तर नियमितपणे काढावा लागतो. किती काढायचा हे ठरवणारा माणूस रोज तिथे हवा. शहराच्या प्रकल्पात त्यासाठी पाळ्या लावलेल्या असतात. गावात बहुधा एकच व्यक्ती असते, तिच्याकडेच पाणीपुरवठ्याच्या झडपाही असतात आणि रस्त्यावरचे दिवेही.

यंत्रवेडा

समतोल टाकीचा मुद्दा मान्य. जिथे जागाच नाही किंवा कडाक्याच्या थंडीमुळे तळी आणि प्राणवायूविना चालणाऱ्या टाक्या मंदावतात, तिथे यंत्राला पर्याय कमी राहतो, एवढीच दुरुस्ती सुचवतो.

खडीगाळणी

मी वनस्पतींच्या खडीगाळण्यांविषयी लिहितो, कारण त्यांच्याबद्दल कौतुक जितके होते तितकाच गैरसमजही पसरला आहे. या पद्धतीचा पाया विसाव्या शतकाच्या मध्यात जर्मनीत केटे झायडेल यांच्या प्रयोगांनी घातला. आज तिचे रूप साधारण असे असते : तळाला पाणी न झिरपणारे अस्तर, त्यावर सुमारे अर्धा ते पाऊण मीटर खडी, खडीत लावलेले पाणकणीस, बोरू किंवा कर्दळ आणि खडीच्या पृष्ठभागाखालून संथपणे आडवे सरकणारे सांडपाणी. पाणी उघड्यावर येत नसल्याने डास होत नाहीत आणि वासही बेताचा असतो.

झाडे घाण शोषून घेतात, हे वाक्य प्रत्येक माहितीफलकावर असते आणि ते जेमतेम अर्धसत्य आहे. सेंद्रिय घाण खाण्याचे काम खडीच्या कणांवर बुळबुळीत थर करून राहणारे जिवाणू करतात. झाडे काही नत्र आणि स्फुरद घेतात, पण ती वेळच्या वेळी कापून बाहेर नेली नाहीत तर पाने तिथेच कुजून घेतलेले परत देतात. मुळांचा उपयोग मुख्यतः जिवाणूंना आसरा देण्यात असतो. त्यामुळे कोणती वनस्पती लावावी यावर चाललेले लांबलचक वाद मला नेहमीच गमतीचे वाटतात. खडीचा आकार आणि आत येणाऱ्या पाण्यातील गाळ, या दोन गोष्टींवर त्याच्या निम्मी जरी चर्चा झाली तरी पुष्कळ गाळण्या वाचतील.

आता जागेचा हिशेब करून पाहू. पाण्यातील घाण पचवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. युरोपीय संघाच्या १९९१ च्या निर्देशात माणशी दिवसाला ६० ग्रॅम बीओडी धरला आहे. साध्या राहणीच्या वस्तीसाठी ४० ग्रॅम धरणे वावगे ठरणार नाही. म्हणजे सहाशे माणसांचा बोजा दिवसाला २४ किलो. साध्या सेप्टिक टँकमधून जाताना त्यातील तिसरा हिस्सा गेला, तर सुमारे १६ किलो उरतो. खडीगाळणीच्या दर चौरस मीटरवर दिवसाला १० ग्रॅम बोजा टाकायचा म्हटले, तर सोळाशे चौरस मीटर जागा लागते. त्याऐवजी मध्ये आडभिंतींची टाकी बांधली तर चित्र पालटते. या टाकीत पाण्याला एकामागून एक कप्प्यांत खालून वर यावे लागते आणि प्रत्येक वेळी ते तळाच्या जिवंत गाळातून गाळले जाते. चांगली चालणारी अशी टाकी, आधीच्या गाळ बसवणाऱ्या टाकीसह, तीन चतुर्थांश बोजा उतरवू शकते. मग गाळणीकडे सहा किलोच येतो आणि सहाशे चौरस मीटर पुरतात. वीज लागत नाही, फक्त उतार लागतो. हे आकडे अंदाज बांधण्यापुरते आहेत. खरा आराखडा त्या जागेचे पाणी तपासूनच करावा लागेल.

एक सावधगिरी मात्र हवी. आडभिंतींच्या टाकीत जिवाणू जमायला तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. उद्घाटनाच्या आठवड्यात घेतलेला नमुना पाहून तिला नापास करू नये.

सूक्ष्मदर्शी

आतापर्यंतची सगळी चर्चा बीओडीभोवती फिरली आहे, आणि बीओडी माशांना मारतो. माणसांना आजारी पाडतात ते जंतू आणि जंतांची अंडी. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात विष्ठेतील जिवाणूंची संख्या दर १०० मिलिलिटरला दहा लाखांच्या घरात असते. खडीगाळणीतून ते आणखी नितळ होऊन आले, तरी ते निर्जंतुक झालेले नसते. पेल्यात धरून पाणी स्वच्छ दिसते असे म्हणणे ही या क्षेत्रातील सर्वांत महागडी चूक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये शेतीसाठी जे निकष सुचवले, त्यांत कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी दर १०० मिलिलिटरला एक हजारांहून अधिक विष्ठाजन्य जिवाणू नसावेत आणि दर लिटरला जंताचे एकाहून अधिक अंडे नसावे, असे म्हटले होते. २००६ मध्ये तिने भूमिका अधिक व्यवहार्य केली : सगळा भार प्रक्रियेवर न टाकता पिकाची निवड, पाणी देण्याची रीत, शेवटचे पाणी आणि काढणी यांमधला खंड, धुणे आणि शिजवणे अशा अनेक अडथळ्यांची बेरीज धरावी, असे तिने सुचवले. गावासाठी ही दृष्टी मोलाची आहे. झाडांना किंवा चाऱ्याला मुळाशी पाणी देणे आणि पालेभाजीवर तेच पाणी शिंपडणे, यांत धोक्याचा फार मोठा फरक आहे.

जंतांची अंडी चिवट असतात. गोल जंतांची अंडी ओलसर मातीत वर्षानुवर्षे टिकू शकतात आणि क्लोरीनला ती दाद देत नाहीत. त्यांच्यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्यांचे वजन : स्थिर पाण्यात ती तळाशी बसतात. तळ्यात पाणी दहा दिवस थांबले तर ९९ टक्क्यांहून अधिक अंडी खाली बसतात. म्हणून जमीन उपलब्ध असलेल्या उबदार प्रदेशात मी अजूनही स्थिरीकरण तळ्यांच्या बाजूने आहे. पहिले खोल तळे गाळ बसवते, दीड मीटर खोलीच्या दुसऱ्यात शैवाल उन्हावर प्राणवायू तयार करते आणि तिसऱ्या उथळ तळ्यात ऊन आणि वाढलेला सामू (पीएच) मिळून जंतूंना मारतात. काठचे गवत कापणे आणि तवंग काढणे एवढेच रोजचे काम असते. गाळ काही वर्षांनी काढायचा असतो. पण तो साका यांचा विषय आहे आणि तिथे मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

अर्धा इंच

क्लोरीनचाच विषय निघाला म्हणून विचारतो, शेवटी क्लोरीन टाकून जिवाणूंपुरता प्रश्न सुटत नाही का?

सूक्ष्मदर्शी

पाण्यात तरंगता गाळ असेल तर जिवाणू त्या कणांच्या आत लपतात, आणि अमोनिया असेल तर क्लोरीन आधी त्याच्याशी जोडले जाऊन दुबळे होते. म्हणजे ज्या पाण्याला निर्जंतुकीकरणाची सर्वाधिक गरज असते, त्यातच ते सर्वांत कमी चालते. आधीची प्रक्रिया नीट झाल्यावर शेवटचा हात म्हणून क्लोरीन ठीक आहे, तिच्याऐवजी नव्हे.

पाझर

शोषखड्ड्यांकडे सगळ्यांनीच पाठ फिरवलेली दिसते, पण घरे विखुरलेली असतील तर वस्तीभर गटार टाकण्यापेक्षा घरोघरी खड्डे किंवा पाझरचर हेच शहाणपणाचे ठरते. अट अशी, की जमिनीने पाणी घेतले पाहिजे आणि भूजल पुरेसे खोल हवे. खड्डा खणून, त्यात पाणी भरून ते किती वेळात उतरते हे आधी मोजावे. चिकणमाती असेल तर पाणी उतरणारच नाही; आणि भेगाळलेला खडक असेल तर ते फार लवकर उतरेल, जे अधिक वाईट, कारण मग मातीला ते गाळायची संधीच मिळत नाही. विहिरीपासून किमान ३० मीटर अंतराचा नियम अनेक ठिकाणी सांगितला जातो. तो मातीच्या जमिनीसाठी बरा आहे, भेगाळलेल्या खडकात मात्र त्याच्या भरवशावर राहू नये.

दुसरी गोष्ट नायट्रेटची. माती जिवाणूंना अडवते, नायट्रेटला नाही. दाट वस्तीत प्रत्येक घराने आपले सांडपाणी जमिनीत सोडले, तर वर्षागणिक विहिरींमधील नायट्रेट वाढत जाते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, आणि ती ठरवताना प्रामुख्याने बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांचा विचार केलेला आहे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. म्हणून खड्डे खणण्यापूर्वी आणि नंतर दरवर्षी विहिरींचे पाणी तपासावे.

मोरीचे आणि शौचालयाचे पाणी वेगळे ठेवता आले तर काम बरेच हलके होते. मलमूत्रातील नत्रापैकी बहुतांश, जवळपास ८० ते ९० टक्के, मूत्रात असते, तर धुण्या-आंघोळीच्या पाण्यात नत्र फारच कमी असते. ते एका साध्या चरबी-सापळ्यातून पुढे नेऊन परसातल्या झाडांना देता येते. त्याला मैलापाण्यात मिसळणे म्हणजे थोडी घाण पुष्कळ पाण्यात कालवून मग तेवढे सगळे पाणी शुद्ध करत बसणे होय.

ओहळ

सर्वांचे मनापासून आभार. साका यांनी प्रश्नाचे टोक बदलले, ते पटले आहे. आपल्या कल्पित वस्तीचा मध्यभाग दाट आहे आणि कडेची घरे विखुरलेली आहेत असे धरले, तर कडेच्या घरांना मातीची चाचणी करून पाझरचर आणि मध्यभागासाठी सामाईक व्यवस्था, अशी मिश्र मांडणी योग्य ठरेल असे वाटते. परंतु मध्यभागात गटाराच्या नळांचाच खर्च संयंत्राहून अधिक होईल, अशी शंका आहे.

अर्धा इंच

या प्रश्नावर मला बोलता येईल. नेहमीच्या गटारात घन पदार्थ वाहते राहावेत म्हणून पाण्याला सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग द्यावा लागतो. त्यासाठी ठरावीक उतार, त्यासाठी खोल खोदाई आणि ठिकठिकाणी माणूस उतरेल एवढे चेंबर. त्याऐवजी प्रत्येक घराशी किंवा चार-पाच घरांत मिळून एक गाळ बसवणारी टाकी ठेवली आणि फक्त वरचे पाणी गटारात सोडले, तर नळ ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचे पुरतात, उथळ टाकता येतात आणि जमिनीच्या चढउताराप्रमाणे थोडेफार वळवताही येतात. ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकापासून लहान वस्त्यांसाठी ही पद्धत वापरली गेली आहे. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकात रुजलेली पद्धत वेगळी आहे. तिथे घराजवळ टाकी नसते, पण नळ रस्त्याऐवजी परसातून किंवा पदपथाखालून उथळ नेले जातात आणि देखभालीत रहिवाशांचाही वाटा असतो.

यातून गाळ नाहीसा होत नाही, तो फक्त घराघरांत विभागला जातो. म्हणजे साका यांचा प्रश्न एका जागेवरून शंभर जागी जातो.

साका

अगदी तसेच आहे, आणि म्हणूनच या सगळ्या टाक्यांचा उपसा घरमालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. शौचालय तुंबेपर्यंत कोणीही टाकी उघडत नाही, आणि तुंबते तोवर गाळ कधीच पुढे गेलेला असतो. गावाने वेळापत्रक करावे : दरवर्षी तिसरा हिस्सा घरे, तीन वर्षांत एक फेरी, आणि त्यासाठीची वर्गणी पाणीपट्टीतच धरलेली. टाक्या या फेरीला पुरतील एवढ्या मोठ्या बांधाव्यात. उपसलेला गाळ वाळवण्यासाठी खाली वाळू-खडी असलेले, वर छप्पर असलेले वाफे त्याच आराखड्यात दाखवलेले असावेत. वाळलेल्या गाळातही जंतांची अंडी जिवंत असू शकतात. त्याचे इतर काडीकचऱ्यासह नीट तापणारे खत केल्याशिवाय तो शेतात जाऊ नये.

ओहळ

शेवटचा एक प्रश्न. उपशाची टाकीगाडी एवढ्या आत येऊ शकत नसेल, तर गावातील माणसांनी टाकीत उतरून गाळ काढणे कितपत सुरक्षित आहे?

साका

अजिबात नाही, आणि याला कोणताही अपवाद नाही. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. सौम्य प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो, म्हणजे वास थांबला असे वाटते तेव्हाच धोका सर्वाधिक असतो. गाळ ढवळला की आत अडकलेला वायू एकदम सुटतो. पहिला माणूस कोसळला की त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही दगावतो. अशा दुर्घटनांत एकाहून अधिक बळी जातात ते बहुधा यामुळेच. तोंडाला फडके बांधून किंवा झाकण तासभर उघडे ठेवून हा धोका जात नाही.

उतरण्याची गरजच पडू नये, अशी सोय टाकी बांधतानाच करता येते. प्रत्येक कप्प्याच्या तळापर्यंत पोहोचणारा १५० मिलिमीटरचा उभा नळ बसवावा आणि त्याचे तोंड झाकणाबाहेर ठेवावे, म्हणजे बाहेरूनच पंप जोडून गाळ खेचता येतो. तळाला त्या नळाकडे उतार द्यावा. टाकीची जागा ठरवताना रस्त्यापासून तिथपर्यंतचे अंतर पंपाच्या होजच्या लांबीत बसते की नाही हे मोजून पाहावे. गाडी येऊ शकत नसेल तर टाकी तिथे बांधूच नये, ती रस्त्याकडे सरकवावी. आणि झाकणावर माणूस आत शिरेल एवढे भोक ठेवायचेच असेल, तर त्याला कुलूप असावे आणि किल्ली पंपाच्या माणसाकडे असावी.